शस्त्रक्रियेपूर्वींची भीति व आभासी वास्तवाचा चष्मा

गंगापूर रोडनें अशोक स्तंभाकडून सोमेश्वराकडे जाणाऱ्या मनुष्यास दोहों बाजूंस ज्या पाट्या दिसतात, त्यांत रुग्णालयांच्या व दवाखान्यांच्या पाट्या किती असतात, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां सायकलवरून जातांना मोजून पाहावें. महाविद्यालयें, कुसुमाग्रज स्मारक, द्राक्षांचे मळे आणि शेवटीं गोदावरीवरील धरण, यांमुळें हा रस्ता दूरवर ठाऊक झाला आहे. परंतु दिंडोरी, पेठ, त्र्यंबक, सुरगाणा ह्या बाजूंच्या कित्येक कुटुंबांना त्याची पहिली ओळख होते ती दुखणाइताला घेऊन येतांना. आजोबांचा मोतीबिंदु, आईच्या पित्ताशयांतील खडे, धाकट्याचा हर्निया, अशा कांहीं निमित्तानें तीं येथें येतात. आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं त्या खाटांवर जी भीति जागी असते, तिच्याविषयीं आज चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत आहे.

विषय सुचला तो एका प्रसंगावरून. दोन वर्षांपूर्वीं आमच्या पांचवीच्या वर्गांतील एका मुलाच्या टॉन्सिल काढावयाच्या ठरल्या. मुलगा हुशार, पण जात्या भित्रा. त्याचे वडील रजेचा अर्ज घेऊन आम्हांकडे आले व हळूच म्हणाले, “सर, त्याला कांहीं सांगितलेलें नाहीं. धरणावर बोटींत बसावयास जाऊं, असें सांगून नेणार आहों. आपणही वर्गांत विषय काढूं नये, एवढी विनंति.” आम्हीं मान डोलाविली. वाचकहो, त्या वेळीं आम्हांस त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. उलट मुलाच्या जिवाचा आपण विचार करीत आहों, असेंच वाटलें. ठरलेल्या दिवशीं सकाळीं त्यास दूध दिलें नाहीं. कारण विचारतां बोटींत मळमळतें, असें उत्तर मिळालें. मोटार आनंदवल्ली येण्यापूर्वींच एका फाटकांत वळली. पुढचें त्यानें स्वतः कधीं सांगितलें नाहीं. त्याच्या आईनें सांगितलें तें एवढेंच कीं, चौघांनीं धरून त्यास आंत न्यावें लागलें.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. घसा दोन आठवड्यांत बरा झाला. डॉक्टरांच्या कौशल्यास नांव ठेवावयास तिळमात्र जागा नव्हती. परंतु त्यानंतर तीन-चार महिन्यांनीं शाळेची सहल निघाली, तेव्हां हा मुलगा बसच्या पायरीवर थबकला व आंत चढेना. आपण खरोखर कोठें चाललों आहों, हें त्यानें प्रथम चालकास विचारलें, मग सोबत्यांस, आणि अखेरीस आम्हांस. सहल सोमेश्वराची होती. “सोमेश्वरालाच,” असें आम्हीं सांगितलें. तेव्हां त्यानें आमच्या तोंडाकडे ज्या रीतीनें पाहिलें, तें आम्हांस अद्यापि विसरतां आलेलें नाहीं.

त्या दिवसापासून ह्या विषयावर जें कांहीं वाचावयास मिळेल, तें आम्ही लक्ष देऊन वाचूं लागलों. व त्याच ओघांत, शस्त्रक्रियेपूर्वीं रुग्णाची भीति शमविण्याकरितां आतां एक नवें साधन निघालें आहे, ही गोष्ट आमच्या दृष्टीस पडली. इंग्रजींत त्यास व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. मराठींत आभासी वास्तव हा शब्द रूढ झाला आहे. डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवावयाचा. त्यांत प्रत्येक डोळ्यापुढें किंचित् निराळें चित्र असतें, आणि दोन्ही मिळून मेंदूस खोलीचा भास होतो. हें मूळ तत्त्व जुनें आहे. इंग्लंडांत व्हीटस्टन ह्यांनीं १८३८ सालीं स्टीरिओस्कोप ह्या यंत्राचें वर्णन केलें, तें ह्याच तत्त्वावर. नवें आहे तें इतकेंच कीं, डोकें वळवावें तसें चित्रही वळतें. मान वर केली तर छत दिसतें, मागें पाहिलें तर मागची भिंत दिसते. चष्म्यांतील सूक्ष्म यंत्रें डोक्याची हालचाल क्षणोक्षणीं टिपतात व त्याबरहुकूम चित्र बदलतें. अमेरिकेंत आयव्हन सदरलँड ह्यांनीं १९६८ सालीं असें पहिलें यंत्र केलें, तें इतकें जड होतें कीं छताला टांगावें लागे. २०१४ सालीं गूगल कंपनीनें पुठ्ठ्याची घडी व दोन भिंगें एवढ्यांतच तें बसवून दाखविलें. त्यांत आपला मोबाइल फोन ठेवला कीं झालें. म्हणजे जी वस्तु पूर्वीं प्रयोगशाळेबाहेर दिसत नसे, ती आज शाळकरी मुलाच्या दप्तरांत मावते.

आतां भीतीकडे वळूं. १८४६ च्या ऑक्टोबरच्या १६ तारखेस बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांत मॉर्टन ह्यांनीं ईथरची भूल चारचौघांसमक्ष दिली, आणि अवघ्या पांच महिन्यांनीं, १८४७ च्या मार्चमध्यें, कलकत्त्यास तीच भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. तत्पूर्वीं रुग्णास चार माणसांनीं धरून ठेवावयाचें व शल्यवैद्यानें जितकी घाई करवेल तितकी करावयाची, अशी रीत होती. भुलीनें ती यातना संपविली. ह्या उपकारास तोड नाहीं. परंतु भूल चढेपर्यंतचा जो काळ, तो मात्र जसाच्या तसा राहिला. पूर्वीं धरून ठेवीत ते चौघे आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वांट्यास अजूनही आले, हें वर सांगितलेंच आहे. ही भीति केवळ मनाची दुर्बळता म्हणून सोडून देण्याजोगी नव्हे. तिनें नाडी चढते, रक्तदाब वाढतो, भुलीचें औषध अधिक लागूं शकतें. मूल शुद्धीवर येतांना किंचाळत उठतें. घरीं गेल्यावर त्यास वाईट स्वप्नें पडतात, अंथरूण ओलें होतें, एकटें निजवत नाहीं. अमेरिकेंतील मानसवैद्य डेव्हिड लेव्ही ह्यांनीं १९४५ सालींच ह्या विषयावर निबंध लिहून अशा मुलांच्या भयाची तुलना रणांगणावरून परतलेल्या सैनिकांच्या मनोविकाराशीं केली होती.

ह्या नव्या चष्म्याचा उपयोग डॉक्टर मंडळी दोन तऱ्हांनीं करितात, आणि आमचा सगळा मुद्दा ह्या दोन तऱ्हांच्या भेदांत आहे. म्हणून वाचकांनीं येथें किंचित् थांबावें.

पहिली तऱ्हा मन दुसरीकडे नेण्याची. अमेरिकेंत सिॲटल येथें हंटर हॉफमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९६ च्या सुमारास भाजलेल्या रुग्णांकरितां हा प्रयोग आरंभिला. भाजलेल्या अंगावरील पट्ट्या बदलतांना होणारी यातना ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस तिचें वर्णन करून सांगावयास नको. हॉफमन ह्यांनीं त्या रुग्णांकरितां एक बर्फाचा देश रचिला. रुग्णाच्या डोळ्यांपुढें हिमाच्छादित दरी असते, आणि त्यानें पेंग्विनांवर व बर्फाच्या बाहुल्यांवर बर्फाचे गोळे फेकावयाचे. मन त्या खेळांत गुंतलें म्हणजे वेदनेकडे द्यावयास त्याजवळ थोडेंच लक्ष उरतें. ही युक्ति पुष्कळांस लागू पडली.

दुसरी तऱ्हा पुढें काय होणार तें आधींच दाखविण्याची. दक्षिण कोरियांत सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या बुंदांग येथील रुग्णालयांत ४ ते १० वर्षांच्या ६९ मुलांवर केलेला प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांस नेहमींप्रमाणें माहिती सांगितली. निम्म्यांस चष्मा लावून ४ मिनिटांचें चित्र दाखविलें. त्यांत त्या देशांतील मुलांचा लाडका पोरोरो नांवाचा छोटा पेंग्विन त्यांना शस्त्रक्रियेच्या खोलींत घेऊन जातो व भूल देण्यापूर्वीं काय काय होतें तें समजावून सांगतो. पुढें भीति मोजण्याच्या मापावर चष्मा लावलेल्या मुलांचा मध्यांक सुमारें ३२ आला व इतरांचा सुमारें ५२. (पेंग्विन पक्ष्याचा व रुग्णसेवेचा कांहीं जुना ऋणानुबंध असावा असें दिसतें. आमच्या मुलांनीं तो पक्षी मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेंत पाहिला असेल तेवढाच. त्यांना समजावून सांगावयास एखादें माकड किंवा साळुंकीही पुरेल.)

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगणें अवश्य आहे. सर्वच प्रयोग असे यशस्वी झाले नाहींत. हॉलंडांत रॉटरडॅम येथें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत सुमारें दोनशें मुलांचा समावेश होता. तेथें शस्त्रक्रियेच्या खोलीचें असेंच दर्शन घडविलें असतांही मुलांच्या भीतींत कांहीं फरक आढळला नाहीं. मात्र टॉन्सिलसारख्या अधिक दुखणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर चष्मा लावलेल्या मुलांना वेदनाशामक औषध कमी वेळां द्यावें लागलें. एकाच साधनाचीं अशीं दोन फळें कां? आमचा तर्क असा कीं, जेथें मुलास आधींच प्रेमानें व नीट समजावून सांगितलें जातें, तेथें यंत्रास करावयास फारसें कांहीं उरत नसावें. आणि जेथें कोणीच कांहीं सांगत नाहीं, तेथें चार मिनिटांचें चित्रही मोठें काम करीत असावें. हा तर्कच आहे. परंतु त्यास आधार देणारा एक जुना प्रयोग आहे, आणि तो योगायोगानें त्याच बोस्टनच्या रुग्णालयांतला आहे जेथें ईथरची भूल प्रथम दाखविली गेली.

१९६३ सालीं त्या रुग्णालयांतील भूलतज्ज्ञ एग्बर्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं असें दाखविलें कीं, शस्त्रक्रियेपूर्वीं भूल देणारा डॉक्टर रुग्णाच्या खाटेशीं येऊन बोलून गेला तर रुग्ण शांत होतो; आणि निव्वळ गुंगीचें औषध दिलें तर त्यास झोंप येते, पण मन शांत होत नाहीं. पुढच्या वर्षीं त्यांनीं पोटाची शस्त्रक्रिया व्हावयाच्या ९७ रुग्णांचे दोन भाग केले. एका भागांतील रुग्णांस, कोठें दुखेल, किती दिवस दुखेल, दुखतांना अंग कसें सैल सोडावें, कूस कशी पालटावी, हें सगळें सांगितलें. दुसऱ्यांस सांगितलें नाहीं. ज्यांस सांगितलें त्यांना अफूच्या जातीचीं वेदनाशामकें जवळजवळ निम्मींच लागलीं, व ते सरासरीनें २.७ दिवस आधीं घरीं गेले. कोणास सांगितलें व कोणास नाहीं, हें शल्यवैद्यांस ठाऊक नव्हतें. ह्या उपायास कोणतेंही यंत्र लागलें नाहीं. एक खुर्ची खाटेजवळ ओढावी लागली असेल.

आपल्याकडील एका खाटेची हकीकत येथें आठवते. १९२४ च्या जानेवारींत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगांत असतां त्यांस अपेंडिसायटिस झाला व १२ तारखेस त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयांत हलविण्यांत आलें. शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक हे सरकारी नोकर, आणि रुग्ण तर त्याच सरकारचा कैदी. असें असतांही त्या रात्रीं घाई असूनही रुग्णास सगळें सांगण्यांत आलें, आणि त्यांच्या ओळखीचीं माणसें भेटीस बोलाविण्यांत आलीं. त्यांत श्रीनिवास शास्त्री होते. संमतीचा कागद तयार झाला. गांधीजींनीं खाटेवरच गुडघे वर घेऊन त्यावर पेन्सिलीनें सही केली, व सही करतांना आपला हात कसा थरथरतो आहे तें कर्नलसाहेबांस हंसून दाखविलें. कर्नलसाहेबांनीं, आम्ही तुमच्या अंगांत भरपूर शक्ति घालूं, अशा अर्थाचें उत्तर दिलें. पुढें शस्त्रक्रिया चालूं असतां विजेचे दिवे गेले आणि शेवटचें काम कंदिलाच्या उजेडांत उरकावें लागलें, हें बहुतेकांस ठाऊक आहे. कंदिलाची गोष्ट लोक आवडीनें सांगतात. आम्हांस त्या थरथरत्या हाताची व हंसण्याची गोष्ट अधिक मोलाची वाटते. हात थरथरत होता तो कोणीं लपविला नाहीं, ना रुग्णानें, ना वैद्यानें.

आतां आमचें मत स्पष्ट सांगतों. चष्म्याच्या ज्या दोन तऱ्हा वर सांगितल्या, त्यांपैकीं आमच्या गंगापूर रोडवरील रुग्णालयांनीं दुसरी तऱ्हा आधीं घ्यावी. पहिली मागाहून, आणि तीही रुग्णास विचारून. कारण मराठी भाषेनें ह्या बाबतींत आपणांस मोठी सूचना देऊन ठेविली आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं जी देतात ती भूल, आणि मनुष्याला फसवावयास देतात ती भूलथाप. शब्द एकच, आणि दोहोंमधील अंतर केवळ एवढें कीं पहिलीस रुग्णाची संमति असते. ज्या मुलास आपण रुग्णालयांत आहों हें ठाऊक आहे, सुई टोचणार हें ठाऊक आहे, आणि ज्यानें स्वतः मागून चष्मा लाविला आहे, त्यास बर्फांत खेळूं द्यावें. तें औषधच आहे. परंतु ज्यास कांहींच सांगितलेलें नाहीं त्याच्या डोळ्यांवर समुद्र किंवा बर्फ चढवावयाचा, आणि तो पेंग्विन मारण्यांत गुंग आहे असें पाहून त्यास आंत ढकलावयाचें, ही आमच्या त्या धरणावरच्या बोटीचीच नवी आवृत्ति झाली. फरक एवढाच कीं, बोट आम्हीं तोंडानें सांगितली होती आणि ही डोळ्यांनीं दिसते. म्हणून ती अधिक खरी वाटेल, आणि तीवरचा विश्वासही अधिक जोरानें मोडेल.

कोणी म्हणेल, मुलास खरें सांगितलें तर तें आधींपासूनच रडेल. रडेल खरें. पण तें आईच्या मांडीवर रडेल, आणि तिच्याविरुद्ध रडणार नाहीं. वयाप्रमाणें सांगण्याची वेळ मात्र पाहावी. तीन-चार वर्षांच्या मुलास आदल्या एक-दोन दिवसांत थोडक्यांत सांगावें. आठ-दहा वर्षांच्यास आठवडाभर आधीं सांगितलें तर त्यास प्रश्न विचारावयास अवधि मिळतो. आणि “कांहीं दुखणार नाहीं” असें म्हणूं नये, कारण दुखतें. “दुखेल, औषध देऊं, मी तेथें असेन,” असें म्हणावें. आणि मग खरोखर तेथें असावें.

हें मुलांपुरतेंच नाहीं. आमच्या घरांत आजीच्या पोटांत काय झालें आहे तें आजीखेरीज सर्वांस ठाऊक असतें. कागदावर सही मुलगा करितो, डॉक्टरांशीं बोलणें जांवई करितो, आणि आजीला “थोडें तपासून सोडणार आहेत” असें सांगून हिरवा झगा घालितात. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालींच असा निर्णय दिला आहे कीं, जाणत्या व सज्ञान रुग्णाची शस्त्रक्रिया करावयाची तर संमति त्याची स्वतःची पाहिजे, नातलगाची चालणार नाहीं. जीव वांचविण्याची तातडी असेल तर गोष्ट वेगळी. कायद्याचें राहूं द्या. शुभवर्तमानांत बेथेस्दा तळ्याकाठीं अडतीस वर्षें पडून असलेल्या दुखणाइताची कथा आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ आहे. त्यास बरें करण्याचें सामर्थ्य ज्याच्या ठायीं होतें, त्यानेंही आधीं त्याची इच्छा विचारली.

चित्र दाखवून रुग्णालयें सुधारतात, ह्यास जुना दाखला आहे. १९५२ सालीं लंडनमध्यें जेम्स रॉबर्टसन ह्यांनीं दोन वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट घेतला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेकरितां ती आठ दिवस रुग्णालयांत होती व आईस भेटीपुरतें येऊं देत. ती आरडाओरडा फारसा करीत नाहीं. नुसती दिवसेंदिवस मिटत जाते. तो चित्रपट पाहून प्रथम डॉक्टर मंडळी रागावलीं. पण १९५९ सालीं प्लॅट समितीनें, आईबापांस मुलांजवळ येण्यास मोकळीक असावी, अशी शिफारस केली, तींत त्या चित्रपटाचा मोठा वांटा होता. त्या वेळीं चित्रानें मुलाचें मन डॉक्टरांस दाखविलें. आतां डॉक्टरांचें काम मुलास दाखवावयाचें आहे. आणि नाशिककरांस चित्राची ओळख कोणीं करून द्यावयास नको. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या व १९४४ सालीं ह्याच नाशिकांत निवर्तलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ह्या देशास पहिला चित्रपट दिला. डोळ्यांस भासविणारी ती नवी विद्या प्रथम हातीं आली तेव्हां त्यांनीं कथा निवडली ती खरें बोलणाऱ्या हरिश्चंद्राची.

मग येथील रुग्णालयांनीं काय करावें? परदेशांतील तयार चित्र विकत आणूं नये. त्यांतील मार्गिका परकी, माणसें परकी, भाषा परकी; पेठेकडील आजीला त्यांतून बोध न होतां नवीच भीति वाटेल. आपल्याच इमारतींत, आपल्याच परिचारिकांना घेऊन चित्र काढावें, आणि त्यांतील बोलणें त्या आजीला कळेल अशा साध्या मराठींत असावें. सकाळीं दूध कां मिळणार नाहीं, तें प्रथमच सांगावें. ज्या माणसांचीं तोंडें पुढें मुखपट्टीनें झांकलेलीं दिसणार, त्यांनीं आधीं उघड्या तोंडानें आपलें नांव सांगावें व मग रुग्णासमोरच पट्टी चढवावी. मुलांना भय वाटतें तें बहुधा ह्या बिनतोंडाच्या माणसांचें. भुलीच्या वायूस वास येतो, तो कसा असतो तें सांगावें. शुद्धीवर आल्यावर घसा दुखेल, तहान लागेल, आणि आई कोठें बसलेली असेल, तें दाखवावें. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, चित्र उभ्या मनुष्याच्या डोळ्यांनीं काढूं नये. ढकलगाडीवर उताणा निजलेल्या मनुष्यास भिंती दिसत नाहींत. त्यास दिसतें छत, दिव्यांची रांग, दरवाज्याची वरची चौकट आणि वाकून पाहणाऱ्यांच्या हनुवट्या. हें जग रुग्णानें पूर्वीं कधीं पाहिलेलें नसतें, आणि तें दाखवावयास ह्या चष्म्याइतकें योग्य दुसरें साधन आम्हांस दिसत नाहीं. साध्या पडद्यावर छताचें चित्र दाखविलें तर प्रेक्षक कंटाळेल. चष्म्यांत तो स्वतः निजलेला असतो.

यंत्राविषयीं चार सावधगिरीच्या गोष्टी आहेत, त्या थोडक्यांत सांगतों. कांहींना चष्म्यानें मळमळतें. फेफरें येणाऱ्यास तो डॉक्टरांस विचारल्यावांचून लावूं नये. एकाच्या तोंडावरचा दुसऱ्याच्या तोंडावर चढवितांना तो निर्जंतुक केला पाहिजे. आणि ज्याला तो नकोच असेल, त्याच्यावर सक्ति करूं नये. खर्चाचा प्रश्न मोठा नाहीं. एका साध्या फोनवर व पुठ्ठ्याच्या चष्म्यावर आरंभ करितां येतो. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथें आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे. कोणत्या रुग्णास ह्याचा उपयोग होतो व कोणास नाहीं, हें मराठी रुग्णांवर नीट मोजून पाहण्यास त्याहून जवळची जागा कोणती? खरी अडचण दुसरीच आहे. आम्हांस भय वाटतें तें असें कीं, चष्मा आला म्हणजे खुर्ची जाईल. “चित्र दाखविलें आहे, आतां बोलावयास कशाला पाहिजे,” असें घाईंत असलेल्या मनुष्यास सहज वाटेल. म्हणून आमची विनंति अशी कीं, चष्मा उतरल्यावर रुग्णाच्या डोळ्यांपुढें पहिलें जें तोंड येईल, तें चित्रांत दिसलेल्या माणसांपैकींच कोणाचें तरी असावें, आणि त्यानें “काय विचारायचें आहे?” असें म्हणून निदान पांच मिनिटें तरी बसावें. चष्मा प्रश्न जागे करितो. उत्तर देणें त्याला येत नाहीं.

आमच्या विज्ञान मंडळाच्या विद्यार्थ्यांनीं यंदा ह्याचा एक लहानसा नमुना करून पाहिला. रुग्णालय हातीं नव्हतें, म्हणून शाळेचीच मार्गिका घेतली. एका लांब बाकाला चाकें बसविलीं, त्यावर एकास उताणें निजविलें, फोन कपाळाशीं धरला, आणि दोघांनीं बाक कार्यालयापासून प्रयोगशाळेपर्यंत ढकलीत नेला. हंसून हंसून सर्वांची पुरेवाट झाली, शिपाईदादांनीं दोन वेळां रागें भरलें, आणि एका वळणावर बाक भिंतीवर आदळला. चित्र मात्र बरें निघालें. पुठ्ठ्याच्या चष्म्यांतून पाहतांना आम्हांसही क्षणभर पोटांत खड्डा पडल्यासारखें झालें. आपल्याच शाळेचें छत आम्हीं इतक्या वर्षांत कधीं पाहिलें नव्हतें.

तो टॉन्सिलचा विद्यार्थी आतां सातवींत आहे. त्यास ह्या खटपटींत कोणीं बोलाविलें नव्हतें. तो आपण होऊन आला व बराच वेळ दाराशीं उभा राहून पाहत होता. बाक दुसऱ्यांदा निघाला तेव्हां तो पुढें झाला आणि म्हणाला कीं, चित्रांत बोलणाऱ्यानें मुलांना छतावरचे दिवे मोजावयास सांगावे. मोजतांना बरें वाटतें. मीं अकरा मोजले होते, बारावा मोजावयाचा राहिला.

आम्हीं तें चित्राच्या संहितेंत लिहून घेतलें आहे.